वस्तू लिलावात पोचते तेव्हा उशीर झालेला असतो

५ मार्च २००९ रोजी न्यू यॉर्कमध्ये अँटिकोरम या लिलाव कंपनीने महात्मा गांधींच्या पाच वस्तू विकल्या. झेनिथ बनावटीचे खिशातले घड्याळ, गोल काचांचा चष्मा, चामडी चपलांचा जोड, एक थाळी आणि एक वाटी. कंपनीचा अंदाज वीस ते तीस हजार डॉलरचा होता. बोली १८ लाख डॉलरवर जाऊन थांबली आणि वस्तू उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या नावावर झाल्या. त्याआधीचे काही दिवस आपल्याकडे मोठी धावपळ चालली होती. नवजीवन ट्रस्टच्या अर्जावरून दिल्ली उच्च न्यायालयाने विक्रीला मनाई केली, पण त्या आदेशाचा अंमल अमेरिकेत होणे शक्य नव्हते. वस्तूंच्या अमेरिकी मालकाने अट घातली की भारत सरकारने गरिबांच्या आरोग्यावरचा खर्च वाढवावा, म्हणजे वस्तू परत मिळतील. सरकारने ती अट नाकारली आणि ते योग्यच केले, कारण सार्वभौम देशाचा अर्थसंकल्प कोणा संग्राहकाच्या अटीवर ठरू शकत नाही. अगदी शेवटी मालकालाही विक्री थांबवावीशी वाटली, तरी लिलाव पार पडला. ही खरेदी सरकारच्या प्रयत्नांमुळे झाली की खासगीरीत्या, याबद्दलही पुढे परस्परविरोधी विधाने झाली. हा सगळा प्रकार एका मूळ चुकीतून घडला आणि ती चूक आपण अजून सुधारलेली नाही. राष्ट्रनेत्यांच्या वैयक्तिक वस्तू जपायच्या असतील, तर ते काम लिलावाच्या कितीतरी आधी, कायद्याने, नोंदींनी आणि जतनाच्या नित्य व्यवस्थेने करावे लागते. लिलावातली बोली म्हणजे त्या दुर्लक्षाची नंतर मोजलेली किंमत असते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. या पाच वस्तू कोणी लुटून नेलेल्या नव्हत्या. गांधीजींनी आपल्या वापरातल्या वस्तू वेळोवेळी भेटायला येणाऱ्यांना, सहकाऱ्यांना, कधी ओळखीच्या परदेशी माणसांना देऊन टाकल्या. लिलावातले घड्याळ आभा गांधी यांच्याकडे आलेले होते. अशा भेटी पुढे वारसांकडे गेल्या, वारसांनी विकल्या, संग्राहकांनी जमवल्या. कोहिनूर किंवा युद्धात लुटलेली शस्त्रे यांच्याबाबत आपण नैतिक हक्क सांगू शकतो. प्रेमाने दिलेल्या भेटवस्तूबाबत तसा दावा टिकत नाही. म्हणून अशा वेळी सरकारच्या हातात दोनच साधने उरतात, भावनिक आवाहन आणि पैसा. लिलाव करणारी कंपनी या दोहोंचा उपयोग किंमत वाढवण्यासाठीच करते. संसदेत आणि वर्तमानपत्रांत जितका गाजावाजा होतो, तितकी बोली वर चढते. वीस-तीस हजारांचा अंदाज असलेली वस्तू १८ लाखांना जाते, यात त्या गाजावाजाचा वाटा लहान नव्हता.

त्यानंतर हे पुन्हा पुन्हा घडले. एप्रिल २०१२ मध्ये इंग्लंडमधील मलॉक्स या कंपनीने गांधीजींचा एक चष्मा, एक चरखा आणि त्यांच्या हत्येच्या जागेवरची म्हणून जपून ठेवलेली माती व गवताच्या काड्या विकल्या. या वस्तू मुंबईचे उद्योजक आणि माजी केंद्रीय मंत्री कमल मोरारका यांनी घेतल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच कंपनीने येरवड्याच्या तुरुंगातला म्हणून ओळखला जाणारा एक चरखा १ लाख १० हजार पौंडांना विकला. गांधीजींनी तो १९३५ मध्ये फ्लॉइड पफर या अमेरिकी मिशनऱ्याला दिला होता. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टॉलच्या एका लिलावगृहाच्या पत्रपेटीत कोणीतरी साध्या पाकिटात घालून एक चष्मा टाकला. तो गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत विक्रेत्याच्या एका नातेवाइकाला दिल्याचे विक्रेत्याच्या कुटुंबात सांगितले जात होते. पंधरा हजार पौंडांच्या अंदाजाचा तो चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा वस्तूंचा एक जागतिक बाजार तयार झाला आहे. बाजार तयार झाला की वस्तू घरांतून, कपाटांतून बाहेर पडू लागतात आणि ज्याच्याकडे पैसा अधिक त्याच्याकडे जातात.

जुना चष्मा किंवा चपला यांच्यासाठी एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर वस्तू काय सांगू शकते यात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यात गांधीजींनी स्वतः बनवलेला चपलांचा एक जोड १९१४ मध्ये भारताकडे निघताना जनरल स्मट्स यांना दिला. स्मट्स यांनी त्यांना तुरुंगात टाकले होते आणि वाटाघाटीही त्यांच्याशीच केल्या होत्या. स्मट्स यांनी त्या चपला कितीतरी उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीच्या वेळी, परत केल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलांत उभे राहण्याची आपली पात्रता नाही, अशा आशयाचे त्यांनी त्या निमित्ताने लिहिले. सत्याग्रहात प्रतिपक्षाचा द्वेष करायचा नसतो हे तत्त्व ग्रंथांत वाचता येते. त्या चपला मात्र ते तत्त्व प्रत्यक्ष आचरणात आल्याचा पुरावा आहेत, आणि तो पुरावा खुद्द प्रतिपक्षाने पंचवीस वर्षे सांभाळला. येरवड्याचा पेटीचरखाही असाच आहे. घडी करून प्रवासात नेता येईल असे यंत्र तुरुंगात बसून घडवण्याचा विचार का झाला, खादीच्या कार्यक्रमात कारागिरी आणि अर्थकारण कसे जोडलेले होते, हे त्या लाकडी पेटीची रचना दाखवते. पत्रे आणि भाषणे नेत्याचे विचार सांगतात. वस्तू त्याच्या सवयी, त्याचे शरीर, त्याची आर्थिक स्थिती आणि त्याचे माणसांशी असलेले संबंध सांगते. इतिहासकाराला दोन्ही लागतात.

खासगी खरेदीदाराने वस्तू देशात आणली की प्रश्न सुटला, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. अनुभव तसे सांगत नाही. गांधीजींच्या वस्तूंच्या आधी, २००३ च्या सुमारास, मल्ल्या यांनी लंडनच्या लिलावात टिपू सुलतानची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार घेतली होती. तेव्हाही देशात अभिमानाची लाट उसळली. पुढे २०१८ मध्ये बँकांच्या थकीत कर्जांबाबतच्या दाव्यात लंडनच्या न्यायालयात मालमत्तेचा तपशील द्यायची वेळ आली, तेव्हा मल्ल्या यांच्या बाजूने सांगण्यात आले की ती तलवार घराला लाभत नाही असे कुटुंबीयांना वाटल्याने ती देऊन टाकली. ज्या वस्तूसाठी देशाने आनंद मानला, तिचा पत्ता पंधरा वर्षांत लागेनासा झाला. याचा दोष एका व्यक्तीला देऊन भागणार नाही. खासगी मालकाला वस्तू लोकांना दाखवण्याचे, तिची नोंद ठेवण्याचे, विकताना कोणाला कळवण्याचे बंधन नसते. तो श्रद्धेने घेतो, अडचणीत विकतो, आणि त्याच्या पश्चात वारस वाटून घेतात. दुसरीकडे किमती हाताबाहेर जात आहेत. मे २०२३ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स कंपनीने टिपूच्या शयनगृहातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली. या बाजारात भारतातले कोणतेही सरकारी संग्रहालय बोली लावून टिकणार नाही, आणि टिकावे असेही नाही.

याउलट शांतपणे, वेळेवर काम केल्यास काय साधते याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. हर्मन कालेनबाख हे जोहान्सबर्गचे वास्तुविशारद गांधीजींचे जिवलग मित्र होते. गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्मची जमीन त्यांचीच. त्यांच्याकडची गांधीजींची पत्रे, छायाचित्रे आणि कागदपत्रे जुलै २०१२ मध्ये सदबीजच्या लिलावात येणार होती. भारत सरकारने लिलावापूर्वीच वाटाघाटी केल्या, सुमारे सात लाख पौंडांना संपूर्ण संग्रह एकत्र विकत घेतला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणला. लिलाव झाला असता तर संग्रह विखुरण्याचा धोका होता आणि तसे झाले असते तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल कमी झाले असते. २००७ मध्येही गांधीजींच्या हस्ताक्षरातला, त्यांच्या मृत्यूआधी काही दिवस लिहिलेला एक लेख क्रिस्टीजच्या लिलावातून मागे घेतला गेला आणि भारताला मिळाला. दोन्ही वेळा विक्रीची जाहिरात झालेली होती, तरीही बोलीचा दिवस उजाडण्याआधी बोलणी झाली म्हणून ते जमले. बोलणी आणखी दहा वर्षे आधी, कुटुंबाशी थेट झाली असती तर सार्वजनिक पैशातून याहून कमी खर्च झाला असता.

आता कायद्याकडे पाहू. प्राचीन वस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ चा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ‘प्राचीन’ ठरायला त्यात शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखिते आणि दस्तऐवज यांना पंच्याहत्तर वर्षांची. प्राचीन ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. या कायद्यात कलासंपदा असा वेगळा वर्गही आहे. त्यात राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस यांच्यासारख्या दिवंगत कलावंतांच्या कृती वयाची अट न लावता संरक्षित झाल्या आहेत. म्हणजे नंदलाल बोस यांनी काढलेले गांधीजींचे चित्र देशाबाहेर जाऊ शकत नाही, पण गांधीजींनी १९४२ मध्ये वापरलेला चष्मा २०४२ पर्यंत कोणीही खिशात घालून नेऊ शकतो. संविधान सभेत १९४६ ते १९४९ या काळात बसलेल्या सदस्यांची पेने, चष्मे, टाइपरायटर यांना हे संरक्षण मिळायला अजून वीस वर्षांहून अधिक काळ जायचा आहे. तोवर त्या पिढीची मुले आणि नातवंडे वस्तूंचे काय करायचे ते ठरवून मोकळी झालेली असतील. कायदा करणाऱ्यांपुढे मंदिरांतल्या मूर्तींची तस्करी होती, त्यामुळे शंभर वर्षांची मर्यादा त्या वेळी रास्त वाटली. विसाव्या शतकातल्या राजकीय इतिहासाला मात्र ती अपुरी आहे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या आणि ठरावीक किमतीवरच्या सांस्कृतिक वस्तूला निर्यात परवाना लागतो. वस्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरली तर परवाना काही महिने रोखून धरतात, म्हणजे तेवढ्या अवधीत देशातली एखादी संस्था तीच किंमत देऊन ती घेऊ शकते. २०२३ मध्ये ब्रिटनने वीस लाख पौंडांची टिपू सुलतानची एक शिकारी बंदूक याच नियमाखाली अडवली. श्रीरंगपट्टणच्या राजाची बंदूक ब्रिटनला आपल्या इतिहासासाठी महत्त्वाची वाटते आणि त्यासाठी तो देश कायदा वापरतो, तर आपण आपल्या नेत्यांच्या वस्तूंसाठी साधी कालमर्यादा कमी का करू नये? फ्रान्समध्ये शासनाला अग्रखरेदीचा हक्क आहे. लिलावात शेवटची बोली लागली की शासनाचा प्रतिनिधी उभा राहून त्याच किमतीला वस्तू संग्रहालयासाठी घेत असल्याचे जाहीर करू शकतो, आणि पंधरा दिवसांत तो निर्णय पक्का करावा लागतो. विकणाऱ्याला पूर्ण किंमत मिळते आणि वस्तू सार्वजनिक होते. आता मुंबईत आणि दिल्लीत लिलावाचा धंदा भक्कम झाला असताना असा हक्क आपल्याकडे हवाच.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या दोन घटना या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार आली. पात्यावर देवनागरीत त्यांचे नाव आहे. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. खरेदी झाली हे चांगलेच झाले, किंमतही आवाक्यातली होती. पण लिलावाची बातमी आली आणि मग हालचाल झाली, हा क्रम तोच राहिला. दुसरी घटना अफजलखानाच्या वधाशी जोडल्या जाणाऱ्या वाघनखांची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ती तीन वर्षांसाठी उसनी मिळाली आणि जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांनी ती पाहिली. सातारचा रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती. त्यांच्या पेटीवर जो लेख आहे, त्यात शिवाजी महाराजांनी मारलेला सरदार मोगलांचा असल्याचे म्हटले आहे. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. हीच ती १६५९ ची वाघनखे आहेत की नाहीत, याची खात्री देता येत नसल्याचे त्या संग्रहालयानेही म्हटले आहे, आणि आपल्याकडच्या इतिहास-अभ्यासकांनीही हा प्रश्न विचारला आहे. यातून लोकांच्या भावनेला कमीपणा येत नाही. वस्तूइतकीच तिच्या मालकीची साखळी महत्त्वाची असते, एवढे यातून कळते. साखळी तुटली की शंका उरते आणि शंका असलेली वस्तू वादाचे साधन होते.

साखळी न तुटता टिकली तर काय होते, याचे एक नमुनेदार उदाहरण अमेरिकेत आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे स्वातंत्र्याच्या टोपीच्या आकाराची सोन्याची मूठ असलेली एक काठी होती. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्यांनी ती आपले मित्र जॉर्ज वॉशिंग्टन यांना दिली. १७९० मध्ये फ्रँकलिन गेले, १७९९ मध्ये वॉशिंग्टन गेले, काठी त्यांच्या कुटुंबात राहिली आणि १८४३ मध्ये सॅम्युअल वॉशिंग्टन यांनी ती देशाच्या स्वाधीन केली. आज ती स्मिथसोनियन संस्थेत आहे. ती कोणाची, कोणाकडून कोणाकडे गेली, हे लेखी आहे. त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल वाद नाही, तिच्यासाठी कोणाला बोली लावावी लागली नाही, आणि दोन मुत्सद्द्यांच्या मैत्रीची ती साक्ष राहिली. हे घडायला प्रचंड निधी लागला नाही. एका कुटुंबाने लेखी नोंद ठेवली आणि राष्ट्राने वस्तू स्वीकारून जपली.

आपल्याकडे या दुसऱ्या भागातच, म्हणजे वस्तू जपण्यातच, मोठी उणीव आहे. जून २०११ मध्ये बातमी आली की वर्ध्याच्या सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा काही महिन्यांपूर्वीच नाहीसा झाला आहे. दोनच वर्षे आधी न्यू यॉर्कमधल्या चष्म्यासाठी देश अस्वस्थ झाला होता, आणि बापू कुटीच्या परिसरातला चष्मा नाहीसा झाल्याचे कळायला महिने लागले. मार्च २००४ मध्ये शांतिनिकेतनच्या रवींद्र भवनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले. ते अद्याप मिळालेले नाही, नोबेल प्रतिष्ठानने पाठवलेली प्रतिकृती तेवढी आहे. चोरीपेक्षाही मोठा शत्रू हवामान आहे. चामडे दमट हवेत बुरशी धरते आणि कोरड्या हवेत तडकते, खादीला कसर लागते, कागद वाळवी खाते, शाई प्रकाशाने फिकट होते. कापड आणि कागद यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, हवेतली आर्द्रता फार वर-खाली होऊ नये, हे संग्रहालयशास्त्राचे प्राथमिक नियम आहेत. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि विदर्भातला उन्हाळा यांत हे नियम पाळायचे तर उपकरणे, प्रशिक्षित माणूस आणि नियमित खर्च लागतो. नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवनात बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे, टाइपरायटर आणि रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या निष्ठेने जमवल्या. पुढे त्यांतल्या कपड्यांना शास्त्रीय उपचारांची गरज भासली. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या वस्तू आहेत. केसरी वाड्यात लोकमान्यांच्या, मणिभवनात आणि आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींच्या, कऱ्हाडच्या ‘विरंगुळा’त यशवंतराव चव्हाणांच्या आठवणी आहेत. या सर्व ठिकाणी माणसांची निष्ठा आहे. तिला शास्त्राची आणि पैशाची सोबत देणे हे शासनाचे काम आहे.

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप गांधीजींचेच नाव घेऊन येतो. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या वस्तू काचेत बंद करणे त्यालाच मान्य झाले असते का? त्यांनी स्वतः हरिजन फंडासाठी भेटवस्तूंचे लिलाव केले होते. हे खरे आहे. पण त्या लिलावांमागचा हेतू पाहिला तर उत्तर मिळते. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना मिळालेले सोन्याचे दागिने कस्तुरबांचा विरोध असूनही त्यांनी स्वतःकडे ठेवले नाहीत, समाजाच्या कामासाठी विश्वस्त निधी करून बँकेत ठेवले. लोकसेवकाला मिळालेली वस्तू लोकांची असते, हे त्यांचे तत्त्व होते. वस्तू कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात जाण्यापेक्षा सार्वजनिक संग्रहालयात जाणे त्या तत्त्वाच्या जवळचे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. दवाखाने आणि शाळा अडचणीत असताना जुन्या चपलांवर खर्च का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच कारणाने लिलावात कोटींची बोली लावण्याला विरोध करायला हवा. पण इथे जे सुचवले आहे ते स्वस्त आहे. नोंदवही करणे, कायद्यातली वर्षे कमी करणे, कुटुंबांशी आधी बोलणे, यांना लागणारा खर्च एका मोठ्या लिलावातल्या बोलीच्या तुलनेत किरकोळ आहे. दुसऱ्या बाजूने दुर्लक्षाचा खर्च मात्र वाढत जातो, आणि तो शेवटी लोकांच्याच पैशातून भरावा लागतो.

तिसरा आक्षेप खोल आहे. आपल्या समाजात व्यक्तिपूजा आधीच फार आहे, त्यात वस्तूंचीही पूजा सुरू होईल. संविधान सभेतल्या आपल्या अखेरच्या भाषणांपैकी एकात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल कठोर इशारा दिला होता, त्यामुळे हा आक्षेप हलका समजता येत नाही. तरी वस्तू लपवून किंवा हरवून भक्ती कमी होत नाही, उलट तिच्याभोवती दंतकथा वाढतात. वस्तू उघडी ठेवावी, शेजारी तिचे साल, तिचा प्रवास, तिच्याबद्दलच्या शंका आणि तिच्या मालकाच्या चुकाही स्पष्ट लिहाव्यात. अशा मांडणीने दर्शनाची जागा अभ्यासाला मिळते. चौथा आक्षेप असा की राष्ट्रनेता कोण हे सत्ताधारी पक्ष ठरवेल. ही भीती खरी आहे. त्यावर उपाय एकच, निवडीचे निकष आधी जाहीर करणे आणि निवड इतिहासकार, संग्रहालयशास्त्रज्ञ आणि अभिलेखतज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीकडे सोपवणे. त्या यादीत मंत्र्यांबरोबर कामगार चळवळीच्या पुढारी स्त्रिया, सत्यशोधक कार्यकर्ते, संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोवा मुक्तीच्या लढ्यातले लोकही यायला हवेत. शेवटचा आक्षेप खासगी मालमत्तेचा. अग्रखरेदीच्या हक्कात मालकाला पूर्ण किंमत मिळते, म्हणून त्याच्यावर अन्याय होत नाही. दान देणाऱ्यांना प्राप्तिकरात सवलत दिली, तर बरीच कुटुंबे विकण्याऐवजी देतील.

यातून करायची कामे स्पष्ट दिसतात. केंद्राने १९७२ च्या कायद्यात सुधारणा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या व्यक्तींच्या वैयक्तिक वस्तूंसाठी शंभर वर्षांची मर्यादा पन्नासवर आणावी आणि देशातल्या लिलावांत सार्वजनिक संग्रहालयांना अग्रखरेदीचा हक्क द्यावा. परदेशातल्या वस्तूंसाठी दूतावासांमार्फत कुटुंबांशी आणि संग्राहकांशी शांतपणे संपर्क ठेवावा, बोलीत उतरण्याची वेळ येऊच देऊ नये. महाराष्ट्र शासनाला केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. सेवाग्राम, मणिभवन, बाबासाहेबांचे राजगृह, चिचोली, केसरी वाडा अशा सर्व ठिकाणच्या वस्तूंची छायाचित्रांसह, मोजमापांसह, मालकीच्या साखळीसह एकच नोंदवही या वर्षापासून सुरू करता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतनाचे सुसज्ज केंद्र आहे. त्याच्या मदतीने छोट्या संस्थांसाठी फिरते जतनपथक उभारता येईल. ज्या घरांत अशा वस्तू आहेत, त्या कुटुंबांना एवढेच सांगणे आहे की वस्तू कोणाकडून आली, कधी आली, ती कोणी वापरली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच विचारून लिहून ठेवा आणि ती एखाद्या विश्वासार्ह सार्वजनिक संस्थेकडे सोपवण्याचा विचार करा. सरकारने हे काम पुढच्या लिलावाची बातमी येण्याआधी हाती घ्यावे.